काकांचं तारण

माझ्या धाकट्या भावाला वसई-विरारमधल्या समस्त जनतेचं तारण करायचं होतं. सुरुवात त्यानं माझ्यापासून केली. मी हाताशी होतो, सख्खा होतो, आणि त्याच्या मते अजून ख्रिस्ती झालेलो नव्हतो.

आमच्या वसईतल्या पापडी गावच्या घरात कित्येक पिढ्या रविवारची मिस्सा चुकलेली नाही. पोर्तुगीजांनी आमच्या पूर्वजांना ख्रिस्ती केलं त्याला शतकं लोटली. एवढ्या काळात आमच्या ख्रिस्तीपणावर कोणा हिंदूनं शंका घेतली नाही, मुसलमानानं घेतली नाही. ती घेतली विरारच्या चंदनसारला वन बीएचकेत राहायला गेलेल्या माझ्या भावानं. पोर्तुगीजांचं काम कच्चं राहिलं होतं, ते आता हा पुरं करणार होता.

"दादा, तुमचं सगळं परंपरेनं आलेलं," तो म्हणाला. "तू स्वतः मनापासून येशूला स्वीकारलंयस का?"

"तू दहावीला बसलास तेव्हा मी तुझ्यासाठी नऊ दिवसांची नोव्हेना-प्रार्थना केली होती. अगदी मनापासून."

"ते धरत नाहीत."

"तू पास झालास की!"

त्यावर त्यानं डोळे मिटून माझ्यासाठी प्रार्थना केली, तीही माझ्याच ओटीवर, माझाच चहा पिऊन. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. पोरांनी डोळे मिटले की ती झोपली असं समजायची मला सवय.

भावाला हसण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर अन्याय होईल. तो प्यायचा. सणासुदीला सगळेच घेतात तसं नव्हे, सकाळी दात घासायच्या आधीपासून. आईनं नवस केले, फादरांनी समजावलं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मी एकदा कानाखाली वाजवूनही पाहिली. कशाचाही उपयोग झाला नाही. मग कोणीतरी त्याला चंदनसारच्या एका प्रार्थनासभेत नेलं. दुकानाचा गाळा, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक कीबोर्ड, आणि त्या कीबोर्डपेक्षा मोठ्या आवाजाचा पास्टर. तिथं तो ढसाढसा रडला आणि त्या दिवसापासून त्यानं थेंबाला हात लावलेला नाही. ज्यांनी माझा भाऊ मला परत दिला त्यांच्या सुरांबद्दल मी बोलू नये हे मला कळतं. तरी बोलतो, कारण तो कीबोर्ड खरंच बेसूर आहे.

त्याआधी त्याला सांभाळलं ते आमच्या शेजारच्या काकांनी. काका हिंदू, खाडीकाठच्या शेतकरी घरातले, गळ्यात तुळशीची माळ. आमची वाडी आणि त्यांची वाडी यांच्या मधे एकच बावखल. त्या तळ्याच्या पाण्यावर त्यांची केळी वाढायची, आमचीही वाढायची आणि पाण्यानं कधी धर्म विचारला नाही. आमचे वडील लवकर गेले. भाऊ तेव्हा पहिलीत होता. काकांनी त्याला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत पोचवलं, पोहायला शिकवलं, आणि पुढे तो गुत्त्यावर पडायला लागला तेव्हा तिथून उचलूनही आणलं. दारूच्या वासानं काकांना मळमळायचं. नाकाला उपरणं बांधून ते त्याला खांद्यावर टाकत, आमच्या न्हाणीत आणून बसवत, डोक्यावर पाणी ओतत आणि आईला म्हणत, "आज काय बोलू नका त्याला. उद्या बोला."

गेल्या वर्षी या काकांच्या किडन्यांनी काम थांबवलं. वय झालेलं, हृदय दुबळं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. आम्हाला वाईट वाटलं. भावाला मात्र भीती वाटली. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"दादा, काका असेच गेले तर?"

"असेच म्हणजे?"

"न स्वीकारता."

मी थट्टा करायला तोंड उघडलं आणि त्याच्याकडे बघून मिटलं. हा माणूस खरोखर धरून चालला होता की ज्यानं आपल्याला चिखलातून उचललं तो आता कायमचा आगीत जाणार. ते थांबवणं याच्या हातात होतं आणि वेळ थोडा होता. माझा नरकावर फारसा विश्वास नाही, पण त्याच्या डोळ्यांत तो मला दिसला.

काकांपुढे एकदम विषय काढायचं धैर्य होईना म्हणून त्यानं आधी बाहेर सराव केला. कामणला एका गोदामात तो सुपरवायझर आहे. तिथं माल न्यायला भिवंडीचा एक मुसलमान ड्रायव्हर येतो. भावानं त्याला येशूबद्दल सांगायला सुरुवात केली, तर तोच खूष झाला.

"ईसा अलैहिस्सलाम? अरे भाई, त्यांना तर आम्ही मानतो. बीबी मरियमच्या नावाचा आख्खा सूरा, आख्खा अध्याय आहे आमच्या कुरआनात. तुमच्या किताबात आहे का तिच्या नावाचा एखादा?"

नव्हता.

"ते परत येणार, हेपण मानतो. लेकिन अल्लाला बेटा? तौबा! आणि आपल्या एवढ्या लाडक्या नबीला अल्ला क्रूसावर मरायला सोडेल? आपण आपला क्लीनर असा सोडत नाही रस्त्यात."

मग गोदामाचे मालक. ते जैन. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पाप एकानं करायचं आणि भोगायचं दुसऱ्यानं? उद्या तुमच्या हाताखालच्या पोरानं फोर्कलिफ्ट शटरवर घातली तर पगार मी देवाचा कापू? ज्याचं कर्म त्यानंच झिजवायचं, भाई. त्यात बदली कामगार चालत नाही."

चंदनसारच्या इमारतीत शेजारी एक ताई राहतात, नर्स आहेत. त्यांच्या घरात बुद्धाची मूर्ती. त्या म्हणाल्या, "भाऊ, आमच्या आजोबांनी एवढ्या हिमतीनं सगळे देव सोडले. आता एक परत घरात आणला तर ते मला काय म्हणतील? चुकलं तर आपणच सुधारायचं. माफी कोणाकडे मागत बसू?"

भावानं हे सगळं मला तक्रारीच्या सुरात सांगितलं. सैतानानं या लोकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आहे, असं त्याच्या पास्टरचं निदान होतं. कामण रोडच्या ट्रॅफिकमधून वाट काढून सैतान गोदामापर्यंत वेळेवर पोचतो, याचं मला फार कौतुक वाटलं. मला तर त्या तिघांचे डोळे चांगले उघडे दिसत होते. तिघांनाही आईबापांकडून मिळालेलं काहीतरी प्रिय होतं आणि ते खाली ठेवल्याशिवाय याचं उचलता येत नव्हतं. बरं, तिघांनीही याला चहा पाजला होता.

"आणि एक कारण तू विसरलास," मी म्हटलं. "ते आपल्याला रोज बघतात."

खोटं नव्हतं. आम्ही जगाला सांगतो की देवानं माणसावर प्रेम करून आपला पुत्र दिला. मग मिस्सा संपवून फाटकाबाहेर येतो आणि आत ज्याच्या हातात हात देऊन 'तुला शांती असो' म्हटलं, त्याच्यावर वाडीच्या बांधावरून केस ठोकतो. ख्रिस्तात सगळे एक, हे आमच्या वेदीवर लिहिलंय. पण मुलगी द्यायची वेळ आली की ख्रिस्ती झाल्याला शतकं लोटलेले लोक हळूच विचारतात, ते मूळचे कोण? शेजाऱ्यांना आमचा दावा ऐकू येत नाही असं नाही. तो आमच्याच तोंडून येतो, ही अडचण आहे.

भाऊ चिडून गेला आणि पुढच्या रविवारी बाटली घेऊन आला. लहानशी, प्लॅस्टिकची, निळ्या बुचाची. पास्टर पवित्र भूमीच्या सहलीला जाऊन आले होते, त्यांनी जॉर्डन नदीचं, येशूचा बाप्तिस्मा जिच्यात झाला तिचं, पाणी आणलं होतं. त्याच्या नव्या मंडळात बाप्तिस्मा म्हणजे माणूस आख्खा बुडवावा लागतो. काका तर आता अंथरुणावर कूसही बदलू शकत नव्हते. तेव्हा भावाला लहानपणीचा धर्मशिक्षणाचा वर्ग आठवला: माणूस मरणाच्या दारात असेल तर कोणीही कपाळावर पाणी घालून बाप्तिस्म्याचे ठरलेले शब्द म्हणू शकतो. ज्या जुन्या धर्माला तो कच्चा म्हणत होता, अडीनडीला त्याचंच कपाट उघडावं लागलं. मी एवढंच म्हटलं की काकांनी हो म्हटल्याशिवाय थेंबही घालायचा नाही. तो म्हणाला, अर्थात.

त्या दिवशी काकांना झोप लागली होती. भावानं बाटली त्यांच्या सुनेकडे दिली आणि बजावलं, "वहिनी, पवित्र पाणी आहे. जॉर्डन नदीचं. नीट ठेवा. मी शनिवारी येतो."

आता हिंदू घरात सुनेच्या हातात परदेशी नदीचं पवित्र पाणी दिलं आणि नीट ठेवा म्हटलं, तर ती ते कुठं ठेवील? फ्रिजमध्ये? माझ्या भावाचं उभं आयुष्य या घरात गेलं, तरी एवढं त्याच्या लक्षात आलं नाही.

शनिवारी आम्ही दोघं गेलो तेव्हा वहिनींची पूजा नुकतीच झाली होती. काका उशांना टेकून बसले होते, चेहऱ्यावर जरा तरतरी. वहिनी तांब्याची पळी घेऊन पुढे आल्या. मी सवयीनं हात पुढे केला. लहानपणापासून घेत आलोय, माझ्या देवानं कधी तक्रार केलेली नाही. भाऊ मात्र मागे सरला.

"मी तीर्थ घेत नाही, वहिनी. आमच्यात चालत नाही."

"अहो भावजी, तुमचंच आहे!" वहिनी म्हणाल्या. "गंगाजळ संपत आलं होतं, त्यात तुमची बाटली घातली. रोज घेतायत बाबा. बघा ना, किती बरं वाटतंय."

भावाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी खिडकीबाहेर केळी बघत राहिलो, कारण हसलो असतो तर नातं तुटलं असतं. बाहेर आल्यावर त्यानं मला दबक्या आवाजात विचारलं, हे धरतात का? मी विज्ञानाच्या शिक्षकाला शोभेल असा विचार केला. काका तीर्थ पिऊन ओला हात रोज डोक्यावरून फिरवतात. म्हणजे पाणी जॉर्डनचं, डोकं काकांचं, पण म्हटलेला श्लोक विष्णूचा. दोन तृतीयांश मार्कांत तुमच्याकडे पास करतात का ते पास्टरना विचार, असं मी सुचवलं. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

पण त्याची खरी अडचण मला त्या पळीत दिसली होती. तो दार ठोठावत होता आणि काकांच्या घराला दारच नव्हतं. येशू? या. बसा. इथं विठोबाच्या शेजारी जागा आहे. नाकारण्याची त्या घराला सवयच नव्हती. भावाला हवं होतं ते वेगळंच: बाकीचे सगळे उठवायचे आणि एकालाच बसवायचं. आणि घरी आलेल्या कोणाला ऊठ म्हणणं काकांना जन्मात जमलं नव्हतं, अगदी पिऊन पडलेल्यालासुद्धा.

शेवटी एका दुपारी भावानं बोलून टाकलं. मी होतो तिथं. त्यानं काकांचा हात हातात घेतला आणि सरळ म्हणाला, "काका, येशू हाच एक मार्ग आहे. फक्त तोच. तुम्ही स्वीकारा, माझ्यासाठी."

काका म्हणाले, "अरे, मी कदी नाय म्हटलं तुज्या देवाला? तुमच्या सनाला दरसाल केळीचे घड कोन देतो? मानतो मी त्याला. तेवढं 'फक्त' मानवत नाय, पोरा. माजी आई रोज विठ्ठल विठ्ठल करत गेली. तिला खोटी पाडू आता, मरताना?"

"नाहीतर काका... नाहीतर तुम्ही नरकात जाल."

कोणाच्या घरात, अंथरुणावरच्या माणसाला हे बोलणं! मला त्याला उचलून बाहेर टाकावंसं वाटलं. काकांना मात्र राग आला नाही. त्यांनी एवढंच विचारलं:

"आनि तू?"

"मी स्वर्गात."

"मी तिकडं जळतोय आनि तू वर बसलायस. जेवन गोड लागंल तुला?"

भावानं मान हलवली. नाही. मग तो काकांच्या पायांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागला.

"मंग तुजा देव तुज्यापेक्षा कठोर कसा असंल रं?" काका म्हणाले. "इचार त्याला. आनि मला येऊन सांग."

भावानं विचारलं. देवाला विचारलं की नाही ठाऊक नाही, पास्टरला विचारलं. पास्टरकडे उत्तर तयार होतं: स्वर्गात गेल्यावर आपल्याला तारण न झालेल्यांची आठवणच राहत नाही, म्हणून दुःखही होत नाही. भाऊ हे ऐकून थेट काकांकडे आला. बूट काढायचंही भान नव्हतं.

"ते म्हणतात, मी तुम्हाला विसरेन," तो म्हणाला. "सायकल, बावखल, गुत्ता, सगळं. काका, मला नको असला स्वर्ग. मी सोडतो सगळं. जातच नाही उद्यापासून सभेला."

मला आतून बरं वाटलं, हे कबूल करतो. चला, एकदाचा शहाणा झाला. पण काका भडकले. त्या देहात एवढा आवाज शिल्लक असेल असं वाटलं नव्हतं.

"खबरदार! सभा सोडलीस तर माज्या मयताला येऊ नको. तुला कोनी सोडवलं दारूतनं? मी? माज्यानं तर झालं नाय. खांदे मोडले माजे तुला उचलून, पन दुसऱ्या दिवशी तू परत तिथंच. ज्यानं सोडवलं त्याचा हात धर. माजी काळजी नको. मी माज्या वाटेनं जाईन."

खोकल्यानं त्यांना पुढं बोलता येईना. वहिनी धावत आल्या. पाणी पाजून त्यांना आडवं केलं, तेव्हा ते हळू म्हणाले, "कर तुजी ती प्रार्थना. माज्यासाठी. मोठ्यानं कर."

भावानं केली. कीबोर्ड नव्हता, त्यामुळे ऐकण्यासारखी झाली. काकांनी हात जोडले होते आणि ओठ हलत होते. ते काय म्हणत होते हे मी नीट ऐकलं: विठ्ठल विठ्ठल. दोघांनी एकाच वेळी आपापलं म्हटलं, एकानंही दुसऱ्याचं मानलं नाही, आणि मी नकळत हात जोडले. आयुष्यभर ज्या गोष्टीची थट्टा केली तिच्यापुढे मी असा उभा राहीन असं मला वाटलं नव्हतं.

नवरात्रात काका गेले. भावानं स्मशानापर्यंत खांदा सोडला नाही. त्याच्या मंडळातल्या दोघांनी फोन करून कळवलं की अन्यधर्मीयांच्या विधीत भाग घेणं बरोबर नाही. त्यानं फोन बंद केला. पुढच्या रविवारी मात्र तो सभेला गेला. काकांचा हुकूम होता.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला आमच्यात मृतांचा दिवस असतो. संध्याकाळी सगळी पापडी दफनभूमीत येते, थडगी धुतात, फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात. भावाच्या नव्या मंडळात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. माणूस गेला की निकाल लागला, फेरतपासणी नाही. त्यामुळे बरीच वर्षं तो या दिवशी फिरकला नव्हता. त्या वर्षी मी वडिलांच्या थडग्यावर झेंडू मांडत असताना तो येऊन उभा राहिला.

"दादा, तुमच्यात मेलेल्यांसाठी चालतं ना अजून मागितलेलं?"

"चालतं," मी म्हटलं. एखादा टोमणा सहज सुचला असता. नाही सुचला.

त्यानं दोन मेणबत्त्या काढल्या. एक वडिलांची. दुसरी त्यानं तिच्या शेजारीच लावली आणि वारा होता म्हणून तिच्याभोवती तळहात धरून बसला. शेजारच्या थडग्यावरच्या मावशींनी विचारलं, ही कोणाची?

"काकांची."

"अरे, पण ते तर..."

"हो," तो म्हणाला.

मावशींनी आपली फुलं मांडायला घेतली. तो बराच वेळ पुटपुटत होता. उठला तेव्हा मी विचारलं, एवढा वेळ काय सांगत होतास देवाला?

"काही नाही. म्हटलं, काकांना आत घे. कारण विचारू नकोस."